शेळीमार्फत संसार

आमच्या घरात माय आणि बाप एकमेकांशी बोलत नसत. दोघंही शेळीशी बोलत.

"शेळे, सांग त्यायला, भाकर झाली," माय चुलीपाशी बसून म्हणायची. दारात बांधलेली शेळी कान हलवायची. ओट्यावरून बाप म्हणायचा, "शेळे, तिला म्हणावं, कोरड्यास काय केलं ते आधी सांग." पहिली शेळी म्हातारी होऊन गेली, तेव्हा तिच्या लेकीला ही नोकरी लागली. पाहुण्यांना आमच्या घरी नवल वाटायचं आणि आम्हाला पाहुण्यांच्या घरी. तिथं नवरा-बायको समोरासमोर भांडत, मधे कुणीच नाही!

अबोला धरला तो दुष्काळात. बाप लातूरच्या मोंढ्यात हमाल होता. त्या साली मोंढ्यात दाणे टिपायला चिमण्यासुद्धा फिरकेनात, तिथं पोती कुठली? माय खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठाची गोड भुकटी. माय चिमूटभर तोंडात टाकायची आणि बाकीची पदराच्या गाठीत बांधून माझ्यासाठी आणायची. मी तेव्हा लहान होते, एकुलती एक. एके दिवशी डब्यात ठेवलेली सुकडी बापानं उचलून नेली आणि तिच्या बदल्यात शिंदी पिऊन आला. माय कामावरून आली तेव्हा मी रिकामा डबा चाटत बसले होते. तिनं आरडाओरडा केला नाही. ती दाराकडे वळून म्हणाली, "शेळे, सांग, लेकराच्या तोंडचं खाणाऱ्या माणसाशी मी बोलत न्हाई." झालं, तिथून सुरू.

बापही हट्टाला पेटला. "शेळे, तिला सांग, ज्या दिशी ती आधी तोंड उघडंल, त्या दिशी मागंल ते देतो. मर्दाचा शबूद हाय." मोंढ्यातल्या हमालांपुढं, सोयऱ्याधायऱ्यांपुढं तो हे छाती ठोकून सांगायचा, कारण ती बोलणार नाही याची त्याला खात्री होती. चूक कबूल करणं काही पोतं उचलण्याइतकं सोपं नव्हतं. एवढ्या अबोल्यात माझ्या पाठीवर दोन भाऊ झाले. त्या बाबतीत शेळीनं काय कामगिरी बजावली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

सगळंच काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बाप प्यायचा, हात उचलायचा. माय मार खायची, पण त्याला एक शब्द द्यायची नाही. त्या घरात भांडी बापाची, शेळी बापाची, लोकांच्या लेखी मायसुद्धा बापाचीच. अबोला तेवढा तिच्या मालकीचा होता.

मग लातूर जिल्हा झाला आणि बाप एका रात्रीत मोठा माणूस झाला. टोपी तिरपी घालू लागला. त्याच सुमारास नर्सिंगसाठी माझा नंबर नांदेडला लागला. वडिलांनी स्वतः आणून पोचवायचं, अशी अट होती. मायनं शेळीची पाठ खाजवत विषय काढला.

"शेळे, सांग, पोरगी हुशार हाय. जाऊ द्यावं तिला."

"शेळे, तिला सांग, आता आपुन जिल्ह्याची माणसं. जिल्ह्याची पोरगी दुसऱ्याच्या जिल्ह्यात धाडायला आपुन काय हलके हाव? जिल्ह्यातल्याच मुरुडचं स्थळ आलंय. दिवाळी झाली की उडवून टाकू."

मी शेळीच्या गळ्यात पडून रडले. तिनं माझी रिबीन खाल्ली.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. दर तीन वर्षांनी येणारा हा अधिक महिना म्हणजे जावयांचा पोळा. सासुरवाडीला बोलावून जावयाला पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, आणि तो रुसला तर समजूत काढायची. त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. मायचं माहेर नायगावजवळ. नांदेडच्या स्टँडवर एस.टी. बदलली, तेव्हा मी खिडकीतून शहर डोळे भरून बघून घेतलं. पुन्हा दिसतंय न दिसतंय.

आजोळी बाप पाटावर बसला. पुढ्यात धोंडे, वर तुपाची धार. सोयरे पंगतीला आलेले. आणि बापानं हात आखडला. "जिल्ह्याच्या माणसाच्या मनगटाला घड्याळ नको का?"

मामाचा चेहरा उतरला. आजी विनवू लागली. धोंडे निवले, पोरं भुकेनं कळवळली, तरी बाप नवरदेवासारखा ताठ.

तेवढ्यात माय चुलीपासून उठून बाहेर आली. बापानं सवयीनं दाराकडे पाहिलं. दारात शेळी नव्हती. मामाकडे एक म्हैस होती, पण ती पार मागं, गोठ्यात.

माय पदर सारखा करून थेट त्याच्यासमोर उभी राहिली.

"अवो, ऐका."

माझ्या धाकट्या भावानं जन्मात असलं काही ऐकलं नव्हतं. त्यानं घाबरून भोकाड पसरलं.

"मी आधी बोलले. तुमी जिंकलाव. आता शबूद पाळा. पोरीला नांदेडला सोता पोचवा."

"शबूद दिलता खरं, दाजी," मामा हळूच म्हणाला. घड्याळ टळल्याचा आनंद त्याला लपवता येईना.

बापानं धोंडा मोडला, तोंडात घातला आणि भरल्या तोंडानं म्हणाला, "हाव." सगळे जेवायला बसले. तिच्याजवळ होतं नव्हतं तेवढं एकच तिनं माझ्यासाठी देऊन टाकलं होतं.

बापानं मला नांदेडला पोचवलं. निघताना काही बोलला नाही. बोलणार कसा, शेळी लातूरला होती.

पहिल्या सुट्टीत घरी जाताना वाटलं, आता घर बोलकं झालं असेल. ओट्यावरून बाप म्हणाला, "अगं, पाणी आण." थेट!

"शेळे, सांग," माय चुलीपासून म्हणाली, "माठ तिथंच हाय."

बाप गुमान उठला आणि पाणी घेऊन प्यायला.

मी मायला विचारलं, "एवढ्या वर्षांचा अबोला माझ्यापायी सोडलास. जड न्हाई गेलं?"

भाकर थापत ती म्हणाली, "तवा बोलून तुझी सुकडी माघारी येत नव्हती, म्हणून गप बसले. ह्या बारीला बोलून तुझा घास वाचत व्हता. बोलले."

पहिली भाकर तिनं माझ्या ताटात टाकली आणि दाराकडे तोंड केलं. "शेळे, सांग त्यायला, या म्हणावं जेवायला. पोरगी आलीय."