आंघोळीनंतरचे कान

शिरूर कासारच्या दवाखान्यात नवजात बाळांचे कान तपासायचं काम मला मिळालं. पहिल्या तपासणीत बऱ्याच बाळांचा निकाल येत नाही, कारण जन्मावेळचं पाणी कानात असतं. मग पुन्हा बोलवायचं. पुन्हा येणारी थोडी, आणि आली तरी गर्दीत झोपायची नाहीत. झोपेशिवाय ही तपासणी होत नाही. 'बाळ झोपलं की आणा', मी सगळ्यांना हे एकच वाक्य सांगायचे. इंग्रजी शाळेतलं माझं मराठी बायकांसमोर आणखी ताठ व्हायचं.

एका मुलीच्या दोन्ही कानांचा निकाल आला नव्हता. तिचे आईवडील तिला घेऊन ऊसतोडीला निघणार होते, ट्रक दुपारी यायचा होता. आता राहिलं तर उन्हाळ्यापर्यंत राहणार, आणि ऐकू येत नसेल तर उपचाराचे तेवढे महिने जाणार. आंघोळीनंतर बाळं गाढ झोपतात, हे मी बहिणीच्या घरी पाहिलं होतं. म्हणून ती वेळ धरून, गावात आरोग्याचं काम करत घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंबरोबर मशीन घेऊन त्यांच्या घरीच गेले.

दारात पेटी, कोयते, भांडी बांधून ठेवलेली. आजी पाय लांब करून त्यावर नातीला न्हाऊ घालत होती, सून पाणी ओतत होती. मी कोपऱ्यात बसले. आजी आशाताईंना म्हणाली, "ही पोरगी तर बोलतच न्हाई. आधी हिचेच कान बघा."

सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं.

ओव्याची धुरी झाली. बाळाचे डोळे मिटू लागले. तेवढ्यात आजीनं तेलाची वाटी ओढली आणि बोट बुडवून बाळाच्या कानाशी नेलं.

"आजी, कानात नको." माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"कावून? आमी समद्यांनाच घातलंय."

"तेलानं कान भरला की मशीनला काही कळत नाही. आणि तुम्ही लोक आजच निघालात."

आजीनं सुनेकडे पाहिलं. मग तेलाचं बोट स्वतःच्याच टाचेला पुसलं.

बाळ झोपलं. मी मशीनची मऊ बोंडी कानात बसवली. बाहेर गडी मोठ्यानं बोलायला लागले, तर आजीच जाऊन त्यांना गप्प करून आली. उजव्या कानाला मशीनवर हिरवी खूण उमटली. डाव्याला वेळ लागला. आई मशीनकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिथंही हिरवी आली.

"दोन्ही चांगले आहेत. ऐकू येतंय तिला."

आई बाळाचं दुपटं उगाच नीट करत राहिली. मी मशीन पिशवीत ठेवू लागले, तर आजीनं हातानं थांबवलं आणि दारातून शेजारणीला खुणावलं.

"तुझ्या लेकराला बी परत बोलवलंय न्हवं? झोपलंय तवर हिकडं आण."