आयत्या ताटाचे तीन दिवस

माझ्या आईनं आयुष्यात किती पापलेटं तळली असतील, तिलाही सांगता आलं नसतं. खंडाळ्याच्या एका बंगल्यात ती पंचवीस-सव्वीस वर्षं स्वयंपाकाला होती. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे यायचे, येताना थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून मासळी आणायचे. आई ती साफ करायची, मीठमसाला लावून मुरवायची, रव्यात घोळवून तळायची आणि गरम गरम व्हरांड्यात पाठवायची. आमच्या वाट्याला डोकी आणि शेपट्या यायच्या. ती डब्यातून लोणावळ्याला आमच्या खोलीवर आणून त्यांचा रस्सा करायची. माझ्या लहानपणी मासा म्हणजे डोकं. ते चोखून चोखून खायला मला फार आवडायचं. तिथं बंगल्यात मात्र ती कधी टेबलाशी जेवली नाही. तिची थाळी वेगळी, मागच्या नळापाशी पालथी घातलेली असायची, आणि जेवायला बसायचं ते मागच्या पायरीवर.

समुद्र तिनं पाहिला होता, पण दादरला, सहा डिसेंबरच्या रांगेत उभं राहून, लांबून. पाण्यात पाय घातला नव्हता. माहेर वडिवळ्याचं, त्यामुळे मासे तिला भातखाचरातले आणि धरणातले माहीत. माझे वडील रेल्वेत होते, घाटातले रूळ राखणाऱ्या गँगमध्ये. मी दहावीत असताना ते गेले. पुढं मी शिकले, तळेगावच्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागले. लोणावळ्याला एवढी माणसं सुट्टी घालवायला येतात, पण आम्ही दोघी सुट्टी म्हणून कुठं गेलेलो नव्हतो. लोकांची सुट्टी तेव्हा आईचं काम जास्त.

एका जानेवारीत बंगल्याचं छप्पर दुरुस्तीला काढलं आणि आईला आठ दिवस बोलावणार नव्हते. मी रजा टाकली. ऑफिसातल्या कुणीतरी मुरूडच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यातलं घर सांगितलं होतं. घरची बाई दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. नवरा होडीवर. लोणावळ्याहून खोपोली, मग पेण, मग अलिबाग, असं एसट्या बदलत आम्ही दुपारी उतरलो. आईनं पिशवीत काळ्या मसाल्याची बाटली आणली होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"असू दे. परक्याचं चवीला लागंल न लागंल."

घरची बाई पन्नाशीची, उंच, आवाज मोठा. मी तिला मावशी म्हणायला लागले. तिनं पाणी दिलं आणि जेवायला काय करू म्हणून विचारलं. आई खुर्चीच्या कडेला बसली होती. ती एकदम म्हणाली, "आमी बौद्ध हाय हां. आधीच सांगितलेलं बरं."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. बोंबील खाता ना?"

मला हसू फुटलं. आई नाही हसली. तिनं फक्त मान डोलावली आणि खुर्चीत जरा मागं सरकून बसली.

संध्याकाळी मावशी आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेली. होड्या लागल्या होत्या, ओल्या वाळूत पाट्या ओतल्या जात होत्या, बायका लिलावात एकमेकींवर ओरडत होत्या. आई एका पाटीपाशी थबकली. त्यात पापलेटं होती, चंदेरी, आणि त्यातलं एक अजून तोंड उघडत-मिटत होतं.

"हे जित्तं हाय," आई म्हणाली. "बावीस वर्सं तळतीय मी, जित्तं आत्ता बघतीय."

तिनं वाकून त्याच्या अंगाला बोट लावलं आणि पटकन काढून घेतलं. मी म्हटलं, घेऊ या का? ती नको म्हणाली. तिला पापलेट नको होतं. बाजूच्या पाटीत ओले बोंबील होते, लुळे, पांढरट, जाळ्यातून निघालेले. ते तिनं घ्यायला लावले. मग चपला हातात घेऊन पाण्यात गेली. लाट आली तशी पातळ वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. किती वेळ, ते आठवत नाही. मला मागून तिची पाठ तेवढी दिसत होती.

पहिल्या जेवणाला घोटाळा झाला. मावशीनं आम्हाला आत, चुलीशेजारी पाट मांडून बसवलं. बोंबलाचं कालवण, कोकम घातलेलं, आणि तांदळाची भाकरी. आई उंबऱ्याशी घुटमळली. मावशीनं दंडाला धरून तिला आत ओढलं. पण आईला बसवेना. दोन घास खाल्ले की उठायची. पाणी आणते म्हणायची, भाकरी मी थापते म्हणायची, भांडं विसळायला बघायची. तिसऱ्यांदा उठली तेव्हा मावशी परात सोडून उभी राहिली.

"बस गो बाय! पैसे देऊन आलीस ना तू? मग खा!"

"मला न्हाई जमत असं आयतं खायला," आई म्हणाली.

मावशीचा आवाज खाली आला. "मग उद्या तू रांध, मी बसून खाते. मलापण कोण वाढतं?"

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. आईनं बांगडे आणवले आणि मावशीच्या चुलीवर आपला रस्सा केला. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसले होते. आतून कांदा-खोबरं भाजल्याचा वास येत होता आणि दोघींचं भांडण ऐकू येत होतं. मावशी म्हणत होती, सुकं खोबरं माशाला कोण घालतं? आई म्हणत होती, ओल्या नारळानं रस्सा गोडमिट्ट होतो, मग खायचं काय? मग दोघी हसत होत्या. आईला असं हसताना मी फारसं ऐकलं नव्हतं. मी उठून आत गेले असते तर बरं झालं असतं. पण आईनं मला लहानपणापासून चुलीपाशी येऊच दिलं नव्हतं. "तू पुस्तक घे. हितं मी हाय ना," हे तिचं ठरलेलं. त्या दिवशीही मी पान उलटलं आणि बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी मावशीनं वाढलं आणि आई बसून जेवली. अगदी सावकाश, काटे बाजूला काढत, तीन भाकऱ्या. मध्ये एकदाही उठली नाही. शेवटी ताटातला रस्सा बोटानं पुसून खाल्ला आणि म्हणाली, "लय बेस झालतं."

निघताना मावशीनं सुक्या बोंबलांची जुडी दिली, आईनं काळ्या मसाल्याची बाटली तिच्याकडे ठेवली.

पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ असं आम्ही सहा वर्षं म्हणत राहिलो. बंगल्याचं छप्पर पुन्हा गळलं नाही. आईला सुट्टी असायची तेव्हा मला रजा नसायची. मग तिचे गुडघे गेले आणि एसटीची पायरी चढणं अवघड झालं. गाडी करू म्हटलं तर ती म्हणायची, उगं कशाला. पण कधी संध्याकाळी भाकरी थापताना मध्येच थांबायची आणि विचारायची, "आत्ता तितं होड्या लागल्या असतील न्हाई?" मी हो म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता आई गेली. चार दिवस दवाखान्यात होती. तिचा बटणांचा मोबाईल मी बंद केला नाही. चार्ज करून कपाटावर ठेवायचे. का, ते माझं मलाही कळत नव्हतं. दिवसकार्य झाल्यानंतरच्या एका रविवारी दुपारी तो वाजला.

"काय गो, तीन रविवार झाले, तुझा फोन नाय? रागावलीस काय माझ्यावर?"

आवाज मी लगेच ओळखला. आई रविवारी जेवण झालं की फोन घेऊन दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायची. वडिवळ्याच्या भावजयीशी बोलत असेल असं मी धरून चालले होते. सहा वर्षं ती मावशीशी बोलत होती.

"मावशी, मी बोलतेय. मुलगी."

"अगो, तू होय. तिला दे ना. सांगायचंय, बोंबील आलेत चांगले."

मला सांगावं लागलं. पलीकडून भांडं ठेवल्यासारखा आवाज आला, मग ती म्हणाली, "जेवलीस का पोरी?"

"नाही."

"जेव आधी. मी परत करते फोन."

तिनं संध्याकाळी खरंच परत केला. जेवले की नाही एवढंच विचारलं आणि ठेवला.

गेल्या जानेवारीत मी एकटीच गेले. तेच एसट्या बदलणं, तीच ओसरी. मावशी वाकली होती, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मला बघून रडली नाही, पण माझा हात बराच वेळ हातात धरून बसली. मग म्हणाली, "आज तुझ्या आईचा रस्सा कर. बांगडे आणलेत."

मी म्हटलं, "मावशी, मला नाही येत."

तिला ते खरंच वाटेना. "आईचा रस्सा नाय येत तुला?"

"तिनं कधी करू दिलं नाही."

तिनं पदर खोचला, विळी पुढं ओढली. "मला येतो. बस हितं, बघ."

तिनं कांदा निखाऱ्यावर टाकला, पार काळा होईपर्यंत. सुकं खोबरं भाजलं. वाटण पाट्यावर वाटायला मला लावलं, आणि जाडसर राहिलं तेव्हा पुन्हा वाटायला लावलं. काळा मसाला संपला की आई दरवर्षी कुणाबरोबर तरी पाठवायची, हेही तिनं तेव्हाच सांगितलं. रस्सा उकळला तेव्हा तिनं वाटीभर पाण्यात तांदळाचं पीठ कालवून आत सोडलं. "हे तिचं. आमच्यात नाय घालत." मग मासे सोडले, आणि उतरवताना कच्चा लसूण ठेचून वरून टाकला. "हेपण तिचं. मी म्हटलं होतं, वास मारेल. नाय मारला."

तळहातावर थेंब घेऊन तिनं चव पाहिली आणि माझ्याही तळहातावर थेंब टाकला. आई तशीच चव बघायची. आमच्या खोलीवर व्हायच्या त्या माशाच्या डोक्यांच्या रश्शाची ती चव होती, अगदी तीच. मावशीनं ताट वाढून पुढ्यात ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. पहिला घास मी खूप वेळ तोंडात धरून ठेवला.

आता मी घरी करते. लोणावळ्याच्या बाजारात बर्फातले बांगडे मिळतात. गॅसवर कांदा तितका काळा होत नाही. बरं होतं, पण तसं होत नाही. मावशीला फोनवर विचारलं की ती म्हणते मीठ बघ, खोबरं जरा जास्त भाज. मी सगळं करून बघितलं आहे. रविवारी जेवण झालं की आम्ही बोलतो. ती होडीचं सांगते, वारा कसा आहे ते सांगते. आई तुमच्याशी काय बोलायची, हे एकदा मी तिला विचारलं. ती म्हणाली, "काय बोलणार? जेवलीस काय, काय केलंस, एवढंच."

एवढ्याशा बोलण्यासाठी आई ओट्यावर जाऊन, दार ओढून घेऊन बसायची. मी कधी उठून बाहेर गेले नाही. त्या तिसऱ्या दिवशी पाटावर बसून जेवताना तिला कसं वाटलं, तेही मी तिला विचारलं नाही. सहा वर्षं होती विचारायला.