मामीनं तिला सांगितलं

तिचं अक्षर सुंदर होतं, तिथूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली. मुंबईतल्या त्या संस्थेत लोकसंख्याशास्त्र आणि विकासनीती शिकायला देशभरातून मुलं आली होती. मराठी बोलणाऱ्या मुली आम्ही दोघीच, मी महाडची आणि ती नागपूरची, म्हणून वसतिगृहात आम्हाला एकच खोली मिळाली. मी तक्ते दोनदोनदा तपासून द्यायची, तरी मॅडम वर्गात वही उचलून दाखवायच्या ती हिचीच. जननदर काढायची रीत तिला ऐकता ऐकता समजायची. मला समजायला आठवडा लागायचा, आणि त्या आठवड्यात ती रोज माझ्या खाटेवर बसून न कंटाळता समजावून सांगायची. माणसानं हुशार असावं, त्याला माझी हरकत नाही. पण हुशार असून वर चांगलंही असायचं म्हणजे दुसऱ्यानं जगायचं कसं?

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला मॅडम त्यांच्या मोठ्या अभ्यासात एकाच विद्यार्थ्याला घेणार होत्या, गावोगावी फिरून केलेल्या कामाचा अहवाल बघून. ती जागा मला हवी होती. वडील महाडच्या कोर्टात कारकून, बोलणं नेमकं. ते म्हणाले, "जागा मिळाली तर मुंबईला राहा, मुलाकडच्यांना मी थांबवतो. नाही मिळाली तर वैशाखात लग्न." मुलगा बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानाचा. त्याच्यात वाईट असं काही नव्हतं. पण मला त्या शिक्षणाची चटक लागली होती. कुठलं माणूस कुठून कुठे जातं, कुठे जन्मतं, कशानं मरतं, हे कळायला लागल्यावर पातेल्यांना कल्हई कुठून करून आणायची याचा विचार करत बसणं मला नको होतं.

कामासाठी गाव निवडायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. पोलादपूरच्या वर डोंगरात आईचं माहेर होतं, एका भावकीची लहानशी वाडी. माझी माणसं, माझी बोली, माझ्या पायाखालची वाट. पिकतं तिथं विकत नाही ही म्हण मला माहीत होती, पण ती भाजीवाल्यांसाठी असावी अशी माझी समजूत होती. मॅडमना निवड आवडली. इतकी आवडली की त्यांनी नागपूरवालीलाही माझ्याबरोबर जोडून दिलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला बाईसाहेब तयारच होत्या.

महाडच्या डेपोतून पोलादपूर, तिथून दुसरी एसटी, आणि पुढे चढण. ती दर वळणावर कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "किती सुंदर आहे गं तुमच्याकडे!" मी मुद्दाम झपाझप चढत होते. तेवढी एकच गोष्ट मला तिच्यापेक्षा चांगली येत होती.

वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला. माझा मामाही तिकडेच एका गोदामात होता आणि गणपती-शिमग्याला यायचा. म्हशी, शेळ्या, उतारावरची नाचणी आणि वरी, सगळं बायकांच्या अंगावर. आम्ही गेलो तेव्हा थंडी सरत आली होती आणि शेतं भाजायला लागतो त्या राबासाठी बायका झाडांच्या फांद्या तोडून भारे रचत होत्या. मामीनं आम्हाला बघून कोयती खाली टाकली. लहानपणीची मेची प्रत्येक सुट्टी मी या बाईच्या हातचं खाऊन काढली होती. ती माझी मामी, आणि वाडीतली प्रत्येक बाई या ना त्या नात्यानं मामी, मावशी, आजी. मी अख्ख्या वाडीची भाची होते.

नियम असा होता की जवळच्या नातेवाइकाच्या घरी आपण प्रश्न विचारायचे नाहीत. म्हणजे मामीचं घर तिच्या वाट्याला गेलं. बाकीची घरं आम्ही निम्मी निम्मी वाटून घेतली.

माझं काम कसं सरसर चाललं होतं! मी दारात दिसले की आतून हाक यायची, "आली गो बाय आमची!" चहा यायचा, उकडलेली रताळी यायची, लग्नाची चौकशी व्हायची. मुलं किती, शाळेत कोण, मुंबईला कोण, सगळी उत्तरं भराभर मिळायची. मग मी विचारायची, झालेलं एखादं मूल गेलंय का? त्यावर प्रत्येक घरात एकच उत्तर. "नाय गो बाय, तसलं काय नाय." आणि बाई उठून म्हशीकडे बघायला जायची. मी "नाही" लिहून पुढच्या दाराला लागायची. दुपारपर्यंत माझी घरं व्हायची आणि ती मात्र एकाच ओट्यावर अडकलेली असायची. तिची भाषा ऐकून बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. "काय करून राहिल्या काकू?" असं ती विचारायची आणि पोरं दिवसभर तिची नक्कल करत फिरायची. मला बरं वाटायचं. म्हटलं, वर्गात असेल हुशार, इथं ढ आहे.

ती मामीकडे बसली त्या दिवशी मी जवळच होते. मामी मला म्हणाली, "जा गो, म्हशीला पानी दावून ये." म्हशीनं नुकतंच पाणी प्यायलं होतं. मी तसं म्हटलं तर मामी म्हणाली, "परत दाव." मी म्हैस घेऊन गेले. परत आले तेव्हा दार लोटलेलं होतं आणि फटीतून मामीचा आवाज येत होता. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मामी मोठ्यानं बोलणारी, या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक पोचवणारी बाई. ती आत अगदी हळू, न थांबता बोलत होती, आणि तिचा हात त्या नागपूरच्या पोरीच्या गुडघ्यावर होता.

संध्याकाळी विहिरीवर मी तिला विचारलं, "काय सांगत होती मामी?"

"नाही सांगता येत गं. नियम आहे."

"अगं, माझी मामी आहे ती!"

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि घागर माझ्या हातून घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवायला लागली. नीट ठेवताही येत नव्हती. मला वाटलं, हिला घागरीसकट विहिरीतच ढकलावं.

परत येताना दोन दिवस आम्ही महाडला घरी राहिलो. चढउतार करून तिच्या पायांना फोड आले होते, म्हणून आईनं रिक्षा करून तिला जवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं, घरी आणून तळव्यांना तूप चोळलं. माझ्या पायांना फोड येत नाहीत, हा माझा दोष. जेवताना आई म्हणाली, "किती गुणी पोर आहे." मी भाकरीचा तुकडा घशाखाली ढकलला आणि उठले.

मुंबईला सगळ्या वर्गासमोर अहवाल वाचायचे होते. आधी माझा झाला. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "या वाडीत दवाखाना नाही, रस्ता नाही, आणि हिच्या तक्त्याप्रमाणे तिथं मूल कधीच मरत नाही. आपण सगळे तिकडेच राहायला जाऊया का?" वर्ग हसला. माझे कान तापले.

मग ती उभी राहिली. तीच वाडी, मी केलेल्या घरांच्या शेजारचीच घरं, आणि तिच्या तक्त्यात गेलेली मुलं होती. नुसती संख्या नाही, ती कशी गेली हेही होतं. शेवटी तिनं नाव न घेता एका बाईचं सांगितलं. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट, बाईची मुलगी नुकती पावलं टाकायला लागली होती. ताप भरला. पावसात वाट वाहून गेलेली, पुरुष मुंबईला. बायकांनीच डोली खांद्यावर घेतली आणि पोलादपूरच्या निम्म्या वाटेवर मुलगी आईच्या मांडीवर गेली. नवऱ्याला नंतर कळवलं. ही बाई कुठली, हे तिनं सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली की बाईच्या दारात फणस आहे आणि फणसाखाली म्हैस बांधतात, तिथं बसून ती रोज त्या वाटेकडे बघते.

त्या फणसाखाली मी लहानपणी झोपले होते. माझ्या मामीचं दुःख मी मुंबईत, पंख्याखाली, वाडी कधी न बघितलेल्या मुलांच्या रांगेत बसून ऐकलं. कुणीतरी ते भराभर टिपून घेत होतं. मामीसाठी मला रडू यायला हवं होतं, पण मला राग आला. हे माझं होतं, आणि ते तिच्या तोंडी होतं.

जागा तिला मिळाली. तिनं मला मिठी मारली आणि तीच रडली.

वैशाखातल्या लग्नाचं बोलावणं करायला मी आईबरोबर वाडीवर गेले. अक्षत ठेवली आणि आई शेजारच्या घरी गेल्याबरोबर मी मामीवर उखडले. "तिला सांगितलंस. परकीला! मला का नाही?"

मामी दचकली. तिला काही कळेचना. मग म्हणाली, "लगीन ठरलेली पोर तू. तुज्यापुढं गेल्या पोरांचं काडायचं? तुजी ओटी भरायची हाय अजून."

"ती पण बिनलग्नाचीच होती की."

"व्हती. पन ती आमची हाय का? तिची ओटी तिची आई राखंल."

"म्हणजे सगळ्या बायकांनी मिळून ठरवलं होतं?"

"त्यात ठरवायचं काय? कुनाला म्हायती नाय?"

माहीत मलाही होतं. ताईचं लग्न ठरलं तेव्हा नुकतंच मूल गेलेल्या शेजारणीला आईनं दारातूनच गोड बोलून परत पाठवलं होतं, आणि मी ते बघितलं होतं. पण प्रश्न विचारणारी मी आणि लग्न ठरलेली मी या एकच बाई आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मॅडमनाही हे शिकवता आलं नसतं. माझं लग्न टळावं म्हणून मी त्या वाडीत गेले होते, आणि लग्न ठरलंय म्हणून त्या वाडीनं मला काही सांगितलं नाही. इतक्या मायेनं कुणी कुणाचं वाटोळं केलं नसेल. मी तसं बोलूनही दाखवलं. मामी म्हणाली, "बोल. पन वैशाखात हसत उभी राहा."

मी उभी राहिले. हसले की नाही ते फोटोत दिसतं. दुकान चाललं, संसार चालला, पुढे महाडलाच मुलींना भूगोल शिकवायला लागले. तिचं अधूनमधून कानावर यायचं. कधी दिल्लीला आहे, कधी परदेशात, कधी पेपरात तिचा लेख. लेख मी दोनदा वाचायची, चूक सापडते का बघायला.

माझी लेक शाळेत जायला लागली त्या वर्षीच्या मेमध्ये तिला घेऊन वाडीवर गेले. ती शेळ्यांच्या मागे पळत होती. मामी फणसाखाली बसली होती. बराच वेळ लेकीकडे बघून ती म्हणाली, "आता इचार. आता तुला काय व्हयाचं नाय."

मला वाटलं, एवढी वर्षं मी ज्यासाठी जळले ते शेवटी माझ्याच ओंजळीत आलं. मी सरसावून बसले. मुलगी तेव्हा केवढी होती? ताप किती दिवस होता? लस टोचली होती का? डोली किती वाजता निघाली, कोणकोण होतं, वाटेत पाणी तरी पाजलं का? मामी एकेक सांगत गेली, त्याच हळू आवाजात. सगळं विचारून झाल्यावर मी म्हटलं, "नाव काय होतं गं तिचं?"

मामीनं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. मग शेळ्यांकडे बघत ती म्हणाली, "त्या नागपूरवालीनं पयलं तेच इचारलं व्हतं."

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. आठवलं म्हणून बोलली. मी लेकीला हाक मारली आणि ती आल्यावर उगाचच तिच्या फ्रॉकची धूळ झटकत बसले. त्या नागपूरच्या पोरीचा मला पुन्हा एकदा हेवा वाटला, आणि या खेपेला तिच्यात काढायला मला काही चूक सापडली नाही.