सावलीवरून माप

माझ्या अंगाची खरी माहिती या जगात एकाच पुरुषाला होती, आणि तो माझा नवरा नव्हता. दचकू नका. नातवंडांनाही मी हे असंच सांगते आणि सूनबाईंचा चेहरा बघत बसते. तो पुरुष म्हणजे लातूरचे आमचे टेलरमास्तर. त्यांनी मला कधी बोट लावलं नाही, की धड मान वर करून पाहिलं नाही. तरी माझी कंबर उजवीकडे जेमतेमच वळते, हे देवानंतर त्यांनाच ठाऊक होतं. मला स्वतःला ते चाळिशीपर्यंत कळलं नव्हतं.

मास्तरांच्या दुकानात बायकांची मापं त्यांच्या बेगम घ्यायच्या. आम्ही सगळ्या त्यांना भाभी म्हणायचो. मास्तर पडद्याच्या अलीकडे, मशीनकडे तोंड करून बसत आणि तिथूनच हुकूम सोडत, "टेप ढिल्ला धर. श्वास तर घेऊ दे त्यांना!" आकडे लिहायची त्यांची पद्धतच नव्हती. दर गिऱ्हाइकाची एक लांब कागदी पट्टी, आणि तिला कात्रीने मारलेल्या खाचा. पहिली खाच खांद्याची, दुसरी छातीची, असं करत खाली. शेकडो पट्ट्या खिळ्याला टांगलेल्या, एकीवरही नाव नाही. कुठलीही काढून हातात द्या, मास्तर अंगठ्याने चाचपून सांगत, "हे उदगीरचे डाळवाले. डावीकडं झुकतेत." तोंडावरून त्यांना माणूस ओळखू येतच नसे. बसस्टँडवर स्वतःच्या व्याह्यांना ते कितीतरी वेळ ओळखेनात, कारण व्याह्यांनी शाल पांघरली होती आणि खांदे झाकले गेले होते! एकदा एका नवरदेवाचा सूट शिवताना भर दुकानात ते मुलीच्या बापाला म्हणाले, "पोरगा चांगला हाय, पण उजवा खांदा पडलाय. फोटोत नवरीला उजवीकडं उभी करा, झाकून जाईल." बाप भडकला. नवरदेवाने मात्र लग्नात फोटोग्राफर दिसला की नवरीला हळूच उजवीकडे ओढलं म्हणे.

आता माझं सांगते. मी फौजीची लेक, छावणीत वाढलेली, गोल्फ खेळणारी. लग्न होऊन लातूरला आले ती काठ्यांची पिशवी खांद्याला लावूनच. सासूबाईंना वाटलं, मुलीकडच्यांनी तंबू दिलाय. शहराबाहेर यजमानांच्या मित्राचा पडीक माळ होता, तिथे मी सकाळी चेंडू मारायची. शेजारच्या शेतातल्या बायका एकमेकींना सांगत, प्राध्यापकाची बायको साप मारून राहिली, पण अजून एक बी घावला न्हाई. खेळ मात्र माझा खरंच चांगला होता, बरं का. दर हिवाळ्यात सिकंदराबादला बायकांची स्पर्धा असे आणि तिथे मी तीनदा दुसरी आले होते. तिन्ही वेळा शेवटच्या लांब फटक्याला चेंडू उजवीकडे वाकून झाडीत गेला. एकदा तरी पहिलं यायचं, या ध्यासाने मी अगदी खुळी झाले होते. विलायतेहून एक पुस्तक मागवलं, त्यातल्या जगज्जेतीचे फोटो कपाटाच्या आरशावर चिकटवले आणि तिच्यासारखं अंग पिळायला लागले. ती ताडासारखी उंच, आणि मी पाच फूट, तेही अंबाड्यासकट. पण मला कोण सांगणार? मी तेव्हा फार हुशार होते.

सांगितलं ते माझ्या कमीजने. तिची एकच शिवण पुन्हा पुन्हा उसवायची, डाव्या बगलेच्या मागची. चौथ्यांदा नेली तेव्हा मास्तरांनी मशीन थांबवली आणि पाठमोरेच म्हणाले, "बाईसाहेब, धागा कच्चा न्हाई. तुम्ही काय करून राहिल्या, ते सांगा."

मी मोठ्या ऐटीत गोल्फ समजावला.

"म्हंजे कंबर फिरायला पायजे. तुमची फिरत न्हाई. तिचं काम खांदा करून राहिला. म्हणून शिवण जाती."

"पण पुस्तकात तसंच दिलंय, मास्तर."

"ते पुस्तकातल्या बाईचं माप हाय. तिचा झगा घालाल का तुम्ही?"

पडद्यामागून भाभी खुसखुसल्या. "घालतील की. हौस लई हाय!"

पुढच्या रविवारी मास्तर सायकलवर, मागे भाभी, असे दोघं माळावर हजर. आता परक्या बाईला अंग वळवताना बघणं मास्तरांच्या अदबीत बसेना. त्यांनी तोडगा काढला. मी कोवळं ऊन पाठीवर घेऊन उभी राहायची, आणि ते माझ्या पुढे, माझ्याकडे पाठ करून उकिडवे बसायचे आणि समोर पडलेली माझी सावली बघायचे. सावलीच्या खांद्याला, कमरेला, टाचेला खडे ठेवायचे आणि कोण जागचं हललं ते मोजायचे. "उजवं पाऊल बाहेर वळवा, चालताना वळतंय तसं. हात अर्ध्यावर थांबवा. जेवढं कापड, तेवढाच घेर." पुस्तकात यातलं एकही नव्हतं. महिनाभर मी भांडले, रुसले, जगज्जेतीचे दाखले दिले. मग एका सकाळी चेंडू असा सरळ गेला, जशी आखल्या रेघेवर कात्री चालावी.

"मास्तर, बघितलंत?" मी ओरडले.

"न्हाई," सावलीकडे बघत ते म्हणाले. "पण कंबर फिरली."

चेंडू त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. "सिकंदराबादेहून पहिल्या येऊन या," म्हणाले, "मग एकडाव चेंडू बघतो."

स्पर्धा दोन महिन्यांवर आली आणि भूकंप झाला. आमच्या भिंतींना तडे गेले, माणसं वाचली. औशापलीकडची गावं मात्र होत्याची नव्हती झाली. तिसऱ्या दिवशी मास्तर दुकानाला कुलूप लावून भाभींसह तिकडे निघून गेले. आणि मी? लिहिताना आजही कान गरम होतात. मी दहा दिवस वाट पाहिली आणि धपाट्यांचा डबा घेऊन औशाला गेले, सराव पुन्हा कधी सुरू करायचा ते विचारायला!

तंबूतल्या दवाखान्याबाहेर मास्तर करवत घेऊन बसले होते. पुढ्यात कुबड्यांचा ढीग. ट्रक भरून आल्या होत्या, सगळ्या एका मापाच्या. "माणसं एका मापाची असतेत का हो, बाईसाहेब?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कात्री आणि पट्ट्या माझ्या हातात कोंबल्या. "बरं झालं आलात. बायांच्या रांगेला भाभी एकली हाय. काखेपासून जमिनीपर्यंत धरा. आन पट्टीवर नाव लिहा. हितं चूक नको."

त्यानंतर मी रोज लातूरहून बसने जायला लागले. स्पर्धेची तारीख उलटून गेल्याचं मला चार दिवसांनी आठवलं, एका आजीची कुबडी तपासताना. घरी येऊन मी खूप रडले. स्पर्धेसाठी रडले, हे यजमानांना सांगायची लाज वाटली.

पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं. पुढच्या वर्षी मुलांच्या परीक्षा, त्याच्या पुढच्या वर्षी सासूबाईंचं आजारपण. तोवर लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. किनवटपासून पोरं यायला लागली, माळावर होस्टेलं उभी राहिली. एका क्लासने मास्तरांना गणवेशांचं मोठं काम देऊ केलं. लहान, मध्यम, मोठा, अशी तीनच मापं. मास्तरांनी ते दारातूनच परत पाठवलं. "कुबड्या पाठवणाऱ्यांना तरी घाई होती," म्हणाले. मग तयार कपड्यांपुढे दुकान बंद पडलं आणि दोघं नांदेडला लेकीकडे गेले.

मी त्यांना भेटायला गेले ती साठी उलटल्यावर. गोल्फच्या पिशवीतली एक काठी टेकत, पर्समध्ये एक चेंडू. दार भाभींनी उघडलं, पण आतून आवाज आला, "बाईसाहेब हायत. उजवं पाऊल घासून राहिल्या." मास्तरांचे डोळे गेले होते. चहा झाल्यावर ते म्हणाले, "तुमचा चेंडू बघायचा राहिला. पहिल्या न्हाई आल्या तरी चालंल, मारा."

लेकीच्या घरामागे मोकळी जागा होती. भाभींनी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. या वेळी ते माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. कितीतरी वर्षांनी मी काठी फिरवली. चेंडू उजवीकडे वाकला आणि बाभळीत गेला.

"सरळ गेला?"

"अगदी सरळ, मास्तर."



"न्हाई," मास्तर हसले. "कापड फाटल्यागत आवाज आला. खांदा मधी आला. अंग बदललं तुमचं, जुनं माप आता चालत न्हाई. नवं घ्यावं लागंल. पुढल्या रविवारी या."

मी येते म्हणाले. मग गुडघा सुजला, मग नातीचं बारसं आलं. असे पाचसहा रविवार गेले, आणि मास्तर गेल्याचा भाभींचा फोन आला.

हल्ली गुडघ्याचे डॉक्टर दर वेळी विचारतात, आजी, नेमकं कुठं दुखतं? मला नीट सांगता येत नाही. तशी सवयच नाही. ते मला कधी सांगावं लागलं नव्हतं.