भिंतीपल्याड सांगतलं का

मी दीडशहाणा आहे, हे माझी बायको लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून सांगत होती. मला ते पटायला घर विकायला काढावं लागलं.

जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरी झाली आणि सगळा संसार क्वार्टरमध्ये गेला. निवृत्त व्हायच्या आधी जवळच शहापूरला, हायवेपासून दोन गल्ल्या आत, प्लॉट घेतला आणि घर बांधलं. क्वार्टरमध्ये भिंतीला खिळा ठोकायची चोरी, म्हणून इथं बायकोनं हौसेनं दिसेल तिथं खिळे ठोकून घेतले. ओटा तिच्या उंचीचा केला. शेजारी धानाची शेती करणारं कुटुंब, मधे कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून लाखोळीच्या पाल्याची भाजी इकडे यायची, आमची कोथिंबीर भरलेली पुडाची वडी तिकडे जायची. त्यांच्या तीन-चार वाट्या अजून आमच्या मांडणीवर आहेत.

मग बायको विसरायला लागली. चष्मा, किल्ली, गॅस, इथपर्यंत मी हसण्यावारी नेलं, कारण मीही तसाच. पण एक दिवस ती भाजी घ्यायला म्हणून निघाली आणि फॅक्टरीच्या बसमध्ये बसून आमच्या जुन्या क्वार्टरसमोर जाऊन उभी राहिली. तिथल्या बाईला म्हणे, माझ्या घरात तुम्ही काय करून राहिल्या? नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. हे वाढतच जाणार, म्हणाले. मुलगी नागपुरातच असते, तिच्याजवळ राहायला जायचं असेल तर आत्ताच जा. अजून या नवीन घर शिकतील. वर्षानंतर हलवाल तर त्यांना काहीच आपलं वाटणार नाही, घाबरून जातील.

म्हणजे हातात एक वर्ष होतं. घर विकायचं, मुलीच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, आणि आई मुलीला ओळखते आहे तोवर तिथं जाऊन पोचायचं. यापेक्षा जास्त मी देवाकडेही मागितलं नव्हतं.

दलाल म्हटलं की माझं डोकं फिरतं. दोन्हीकडून खातात आणि वरून आपल्याच घरचा चहा पितात. मोबाइलवर एक कंपनी सापडली: एकदाच थोडीशी फी, कमिशन नाही, जाहिरात साऱ्या देशाला दिसणार. मुलगी म्हणाली, "बाबा, पहिले गावातच कोणाला बोलून पाहा ना." मी तिला जग कुठं चाललं आहे यावर अर्धा तास भाषण दिलं. फॉर्म मीच भरला. मेट्रो किती दूर, हा रकाना रिकामा ठेवू देईना, तेव्हा नागपूरची धरून साठ किलोमीटर लिहिलं. क्लब हाऊस नाही, जिम नाही, लिफ्ट नाही. कढीपत्त्याचं झाड कुठं लिहायचं ते काही सापडलं नाही.

फोटोही मीच काढले. ज्या खोलीत मी जायचो तिथं बायको मागोमाग यायची, म्हणून ती प्रत्येक फोटोत आली. कंपनीच्या पोरीचा हिंदीत फोन आला, "सर, फोटो में कोई इन्सान नहीं चाहिए." पुन्हा काढायला घेतले तेव्हा मी बायकोला मागच्या अंगणात उभं केलं आणि दटावलं, आत येऊ नको.

तिथं उभ्या उभ्या तिनं विचारलं, "घर विकून राहिले ना? भिंतीपल्याड सांगतलं का जी?"

"तिकडे काय सांगाचं?"

"पहिले त्यायले विचारा लागते."

त्याच सकाळी तिनं चहात मीठ घातलं होतं. मी म्हणालो, "तू चूप बस. तुले काही समजत नाही आता." ती चूप बसली. पण पुढं दोन महिने, दोन-चार दिवसांआड, ताट वाढताना, वेणी घालताना, तेच विचारायची: भिंतीपल्याड सांगतलं का? मी मुलीला फोनवर सांगायचो, आज पुन्हा तिचं ते सुरू झालं. हे आजाराचंच लक्षण आहे असं मी धरून चाललो होतो.

फोन खूप आले. कर्ज हवं का, विमा हवा का, दुसऱ्या साइटवर जाहिरात द्या. घर हवं असणारा एकही नाही. कंपनीच्या नंबरवर लावलं की बाई म्हणायची, आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत. तीन महिन्यांनी मुदत संपली, पुन्हा फी भरली. आठ महिन्यांत घर पाहायला आली ती पाच माणसं. त्यातला एक तर फक्त पाणी प्यायला थांबला होता, असं माझं आजही मत आहे.

बायको मात्र त्या येणाऱ्यांमुळे खुलायची. पहिल्या खेपेला मी दाखवलं ते तिनं पाहिलं, आणि मग तीच दाखवू लागली. पहिले बैठक, मग देवघर, मग ओटा, शेवटी कढीपत्ता. बाकी सारं हातातून सुटत होतं आणि हे एक तिला पाठ झालं. मलाही बरं वाटायचं. नवीन घर शिकेल ही, असं मी मनाशी म्हणायचो.

धानाच्या लावणीचे रोवणे आटोपले आणि भिंतीपल्याडचा शेजारी पत्रिका घेऊन आला. धाकट्या मुलाच्या घराची वास्तुशांती. घर मागच्याच गल्लीत, आमच्यापेक्षा लहान.

मी म्हणालो, "घर कधी घेतलं? बोलले नाही."

तो पत्रिका हातातच धरून राहिला. "तुमी तरी कुठं बोलले, भाऊ? पोरानं मोबाइलवर तुमच्या घराचे फोटो दाखवले. मी चार महिने वाट पाहिली. धाकट्यासाठी हेच घर मनात होतं, मधली भिंत पाडली की झालं. पर तुमी साऱ्या दुनियेले सांगतलं अन् आमाले नाही. मले वाटलं, आमाले द्याचं नसन."

"अरे, तुमीच विचाराचं होतं ना."

"आपण होऊन कसं विचाराचं? विकणारानं पहिले बांधाच्या माणसाले विचारा लागते. तुमाले काय हे माहीत नाही?"

मला माहीत होतं. माझ्या बापानं शेताचा तुकडा विकला तेव्हा पहिले भाऊबंद, मग बांधाला बांध लागलेला शेतकरी, असं दारोदार विचारत फिरला होता. मी सोबत होतो. क्वार्टरमध्ये राहून मी ते विसरलो. ज्या बाईला मी विसराळू ठरवलं होतं, तिला ते आठवत होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं. त्या दिवशी मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याला बस म्हणायचंही सुचलं नाही. त्यानं पत्रिका टीव्हीवर ठेवली आणि तो गेला.

संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "तू बरोबर सांगून राहिली होतीस. भिंतीपल्याड सांगायला पाहिजे होतं." तिनं विचारलं, "कोणाले?"

दिवाळीनंतर डॉक्टरांनी सांगितलं, आता यांना हलवू नका. जाहिरात अजून आहे. काढायची म्हटली तर त्यासाठीही तोच नंबर लावावा लागतो.

परवा रविवारी मुलगी आली. सकाळची वेळ, मी अंगण झाडत होतो. फाटक वाजलं तशी बायको पदर सावरून पुढं झाली. "या, या. घर पाहाले आल्या ना?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी खराटा बाजूला ठेवला.

बायकोनं तिला बैठक दाखवली, देवघर दाखवलं. ओट्यापाशी उभं केलं. "पाहा, कंबर दुखत नाही." मुलगी ओट्यापाशी उभी राहिली. नाही दुखत, म्हणाली. मग दोघी मागे गेल्या. बायकोनं कढीपत्त्याची डहाळी तोडून तिच्या हातात दिली.

"घर चांगलं आहे," मुलगी म्हणाली. "मग विकून काहून राहिल्या?"

"आमची पोरगी नागपूरले असते," बायको म्हणाली. "तिच्याजवळ जाऊन राहाचं आहे. तुमाले घ्याचं असन तर लवकर घ्या, बाई. ती वाट पाहून राहिली."

मुलगी म्हणाली, लवकर घेते.