मोकळ्या केसांचा रविवार

सांगलीच्या थंडीत गोठलेलं खोबरेल आज उन्हात ठेवलं. त्याच्या वासानं साताऱ्यातला एक रविवार आठवला. बायकोला जाऊन महिना झाला होता. उपासनेला निघायचं म्हणून मी दोघी मुलींच्या वेण्या घालत होतो. थोरल्या रूथची वेणी पुन्हा सुटली, तशी मी फणी फेकली. "आज जायचं नाही."

धाकटी एस्तेर म्हणाली, "पप्पा, तुमी देवावर रुसलाय व्हय? मग भाईर बसा. आमी आत त्याला सांगतो, पप्पा लय दमल्यात."

रुसलोच होतो, पण हे आजवर कुणापाशी बोललो नाही. दोघी मोकळ्या केसांनी आत गेल्या, मी चर्चच्या पायरीवर बसलो. तेव्हा लोकांची लाज वाटली. आता वाटतं, माझ्यासाठी एवढी खरी प्रार्थना नंतर कुणी केली नसेल.