चौथी फेक

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ट्रेनिंग टीमला उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या काठी सहा आठवड्यांचा कॅम्प लावण्याचा हुकूम मिळाला. मी तेव्हा इंजिनिअर रेजिमेंटमध्ये हवालदार होतो आणि राफ्टिंगचा इन्स्ट्रक्टर होतो. टीममध्ये एक कॅप्टन साहेब, मी आणि दहा शिकाऊ जवान. दोन रबरी राफ्ट, एकट्याने चालवायची एक कयाक, एक थ्री-टन गाडी. कोर्स पास होणाऱ्याला गाइडचं सर्टिफिकेट मिळणार होतं. ते हातात असलं की पेन्शनवर गेलेला जवान उत्तरेकडे, पहाडातल्या नद्यांवर नोकरी मिळवू शकत होता.

मी यवतमाळ शहराचा. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. स्वतःच्या जिल्ह्यात ड्युटी क्वचितच मिळते, म्हणून मी खूश होतो. ती खुशी पहिल्या तासात संपली. आम्हाला राहायला बंद पडलेल्या कापूस खरेदी केंद्राचं गोदाम दिलं होतं. कापसाचे भाव बसले होते ती वर्षं. गोदामाच्या कोपऱ्यात कुठल्या तरी जुन्या हंगामातला कापूस तसाच पडून होता, पावसात भिजून काळा पडलेला, उंदरांनी पोखरलेला. आम्ही तो फावड्याने ओढून बाहेर टाकला. वास गेला नाही. सहा आठवडे माझ्या युनिफॉर्मला, ब्लँकेटला आणि ताटातल्या पोळीला तो वास होता.

नदीही तशीच. पाणी काळ्या मातीचं, गढूळ. पुराने आणलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या, चपला, औषधाचे रिकामे डबे खडकांत अडकलेले. दुसऱ्या रॅपिडच्या, म्हणजे खडकांतून उसळणाऱ्या धारेच्या, वर एक मेलेली शेळी दोन दगडांत फुगून बसली होती. ती निघेपर्यंत तीन दिवस आम्ही त्याच पाण्यात उलटलो, तेच पाणी नाकातोंडात घेतलं. हिमालयातलं पाणी माणसाला गोठवतं, पण त्याची किळस येत नाही.

दिनक्रम ठरलेला होता. ०५३० ला उठणं. ०६०० पीटी. ०७०० ते ११०० पाण्यात. दुपारी क्लास. राफ्टमध्ये गाइड मागे बसतो आणि हुकूम देतो: फॉरवर्ड, बॅक, होल्ड ऑन. बाकीचे फक्त पॅडल मारतात. गाइडला पाणी वाचता आलं पाहिजे, उलटलेली राफ्ट सरळ करता आली पाहिजे आणि काठावरून थ्रो बॅग फेकता आली पाहिजे. थ्रो बॅग म्हणजे वीस मीटर दोर भरलेली पिशवी. दोराचं टोक आपल्या हातात ठेवायचं आणि पिशवी वाहून जाणाऱ्या माणसाकडे फेकायची. तिचा एकच पक्का नियम आहे. दोर हाताला गुंडाळायचा नाही, नुसता मुठीत धरायचा. ओढ हाताबाहेर गेली तर सोडून द्यायचा. काठावरचा माणूस पाण्यात गेला तर एकाऐवजी दोघे जातात.

नाईक गजानन भोयर हा त्या दहांमधला वयाने सगळ्यात मोठा शिकाऊ. राळेगाव तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. त्याची पेन्शन पाच महिन्यांवर आली होती. कोर्सआधी तो वीस दिवस सुट्टीवर घरी जाऊन आला होता. तिथे काय पाहिलं ते त्याने एकदाच सांगितलं. मागच्या हंगामाचा कापूस अजून घरात होता, छतापर्यंत. माणसं ओसरीत झोपत होती आणि कापूस खोलीत. खाजेने बायकोच्या अंगावर चट्टे आले होते. तो म्हणाला, पेन्शनवर जाऊन त्या खोलीत शिरायची त्याची इच्छा नाही. पहाडातल्या एका राफ्टिंगवाल्याने त्याला सर्टिफिकेट घेऊन यायला सांगितलं होतं. म्हणून तो इथे होता.

चारचौघांत तो मला उस्ताद म्हणायचा. दोघेच असलो की भाऊ. थ्रो बॅग फेकण्यात त्याच्यासारखा दुसरा नव्हता. पिशवी माणसाच्या खांद्यावरून जायची आणि दोर बरोबर छातीवर पडायचा. पण फेकायच्या आधी तो दोराचं टोक मनगटाला दोन वेळा गुंडाळायचा. पहिल्या दिवशी मी ओरडलो. त्याने लगेच सोडवलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. मी त्याला दहा पुश-अप दिले आणि विचारलं, हा प्रकार कुठे शिकलास?

"कासरा असाच धरतेत, उस्ताद," तो म्हणाला. "बैल बिचकला तं हातचा जात नाई."

"हा बैल नाही."

"तुमी यवतमाळचे. तुमाले बैल फोटोतला माहीत."

सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर त्याचा हात दोराकडे गेला की कोणी ना कोणी बैलाला हाकलल्याचा आवाज काढायचा आणि तो चपापून मूठ सरळ करायचा. कॅम्पची ती गंमतच झाली. जी गोष्ट मी मोडून काढायला हवी होती तिच्यावर मी टीमला हसू दिलं.

चौथ्या आठवड्यात थ्रो बॅगची टेस्ट झाली. प्रत्येकी पाच फेकी. सुपरवायझर मी एकटा होतो. कॅप्टन साहेब उमरखेडला रेशनच्या कामाला गेले होते. भोयरच्या पाचही फेकी निशाण्यावर पडल्या. चौथ्या फेकीला पाण्याचा जोर वाढला होता आणि त्याने दोर मनगटाला गुंडाळला. दोनच सेकंद. पाचवीला मूठ सरळ होती. नियम असा होता की दोर गुंडाळला की सरळ नापास, बाकीचे मार्क बघायचे नाहीत. आणि थ्रो बॅगमध्ये नापास झालेला काठावर बचावाला, सेफ्टी म्हणून, उभा राहू शकत नव्हता; त्याला सर्टिफिकेटही मिळत नव्हतं. पुढचा कोर्स एक वर्षाने होता. तोवर भोयर सिव्हिलियन झाला असता.

साधारण १६०० वाजता मी गोदामाच्या दारात पेटीवर टेस्टची शीट ठेवून भरत होतो. भोयर समोर येऊन सावधान उभा राहिला.

"चौथ्या फेकीले गुंडाळला मी. तुमी पाह्यलं."

"पाहिलं."

"मंग लिहून टाका, भाऊ. मी काही म्हणत नाई."

तो खरंच काही म्हणत नव्हता. त्याने गयावया केली असती तर मी कदाचित नापास लिहिलं असतं. तो तसाच उभा राहिला, आणि आपल्या हातात एका माणसाची पुढची वीस वर्षं आहेत या जाणिवेने मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं मला आजही आठवतं. त्याच्याइतकी किळस मला त्या शेळीचीही आली नव्हती.

"पुन्हा करू नकोस," मी म्हणालो आणि पास लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. भोयरने गावठी कोंबडी आणली आणि स्वतः रांधली. त्याने मला पहिलं वाढलं. मी दोनदा मागून घेतलं. आज घरात तसा रस्सा शिजायला लागला की मी चप्पल घालून बाहेर पडतो. बायकोला वाटतं मला मसाला सोसत नाही.

शेवटची प्रॅक्टिकल सहाव्या आठवड्यात होती. आदल्या दिवशी नदीच्या वरच्या भागात जोराचा पाऊस झाला होता, नदी दीड-दोन फूट चढली होती. कॅप्टन साहेबांनी पाणी बघून परवानगी दिली. मी ड्युट्या लावल्या. दुसऱ्या रॅपिडखालच्या खडकावर सर्वांत चांगला फेकणारा माणूस पाहिजे होता. तिथे मी भोयरला उभं केलं. मी स्वतः कयाकमध्ये शंभर पावलं खाली, संथ पाण्यात थांबलो.

०८१० ला पहिली राफ्ट रॅपिडमध्ये शिरली आणि मधल्या दगडावर चढून उलटली. पाच जणांनी राफ्टला धरलं. सॅपर हरजीत सुटला.

माझ्या वायरलेस सेटवर कॅप्टन साहेबांचा आवाज आला. "ब्राव्हो, अल्फा. राफ्ट उलटी. एक आदमी अलग. ओव्हर."

"अल्फा, ब्राव्हो. दिख रहा है. सेफ्टी तैयार. ओव्हर."

भोयरने शिट्टी मारली, हरजीतने मान वळवली, आणि भोयरने फेकलं. मी पाहिलेली ती सर्वांत चांगली फेक होती. दोर हरजीतच्या छातीवर पडला. त्याने तो धरला. ओढ बसली. भोयर एक पाऊल पुढे आला, दुसरं पाऊल आलं, आणि तो खडकावरून पाण्यात गेला. दोर त्याच्या हातातून सुटला नाही. मला तेव्हाच कळलं का सुटला नाही.

दोघे पुढेमागे वाहत आले. दोराच्या टोकाची पिशवी दोन दगडांच्या फटीत अडकली. हरजीतने दोर सोडला आणि तो पोहत माझ्यापर्यंत आला. भोयर मनगटाने बांधलेला राहिला. दोर ताणलेला, वरून पाण्याचा सगळा जोर त्याच्या पाठीवर. पाणी त्याला खाली दाबत होतं. त्याचा चाकू लाइफ जॅकेटच्या डाव्या खांद्यावर होता, उजव्या हाताने काढायचा. उजवा हात दोरात होता. मी डावा हात चाकू शोधताना पाहिला. नंतर तो दिसला नाही.

"अल्फा, ब्राव्हो. सेफ्टी पानी में. रस्सी में फँसा है. जा रहा हूँ."

उत्तराची वाट पाहिली नाही. प्रवाहाविरुद्ध कयाक चढेना. मी काठाला लागलो, दगडांवरून वर धावलो, त्याच्या वरच्या अंगाला पाण्यात उडी मारली. पहिल्या वेळी त्याच्या अंगावरून वाहून गेलो. पुन्हा वर धावलो. दुसऱ्या वेळी दोर हाताला लागला आणि मी तो कापला. तेव्हा ०८१९ झाले होते. मनगटाला दोन वेढे होते. कातडीत रुतले होते. काठावर कॅप्टन साहेबांनी आणि मी पाळीपाळीने अर्धा तास छाती दाबली. त्याच्या तोंडातून काळं पाणी आलं.

चौकशीला कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. प्रिसाइडिंग ऑफिसर साहेबांनी विचारलं, "नाईक भोयर थ्रो बॅग में पास था?"

"जी साहब."

"रस्सी कलाई पर कैसे आई?"

"पानी में लिपट गई होगी, साहब."

शीट त्यांच्यासमोर होती. सही माझी होती. त्यांनी लिहून घेतलं. अपघात. वर मला शाबासकीचं पत्र मिळालं, जिवाची पर्वा न करता पाण्यात उडी घेतली म्हणून. कॅप्टन साहेबांनी हात मिळवला तेव्हा माझ्या हातावर दोर कापताना पडलेल्या खुणा होत्या. त्यांनी त्या सगळ्यांना दाखवल्या.

डिसेंबरमध्ये मी त्याचं सामान घेऊन राळेगावच्या एसटीने त्याच्या गावी गेलो. सर्व खरं सांगायचं असं ठरवून गेलो होतो. त्याचे वडील गोठ्यासमोर होते. सत्तरीच्या आसपासचे, अंगाने बारीक. त्यांनी ट्रंक उतरवून घेतली, चहा सांगितला आणि म्हणाले, बैलाले पाणी दाखवून येतो, साहेब, बसा. त्यांनी कासरा सोडला, आणि माझ्यादेखत मनगटाला दोन वेढे दिले. हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाबाजी, हाताला गुंडाळू नका," मी म्हणालो.

"काहून?"

मी ट्रंकेची कडी नीट करू लागलो. ते म्हणाले, "गजाननलेही म्याच शिकवलं. लहानपणी दोनदा फरफटत गेलता, पण बैल नाई जाऊ देला." बैलाने मान झटकली. त्यांनी हात आखडून घेतला. "साहेब, एक सांगा. दोराच्या दुसऱ्या टोकाले माणूस होता म्हंतेत. गजाननानं सोडला तं नाई ना दोर?"

हरजीत जिवंत होता, तेवढं खरं होतं. भोयरला दोर सोडता येत नव्हता, हे सांगायला मी आलो होतो. तो का सोडता येत नव्हता हेही, आणि त्याला त्या खडकावर कोणी उभं केलं हेही.

"नाही, बाबाजी," मी म्हणालो. "नाही सोडला."

त्यांनी मान हलवली आणि बैल घेऊन हौदाकडे गेले. मी चहा प्यायलो आणि दुपारच्या गाडीने परत आलो.

भोयरचे वडील आता नाहीत. त्यामुळे हे लिहिण्यात माझी काही हिंमत नाही. रेजिमेंटच्या रेकॉर्डमध्ये ती शीट असेल किंवा वाळवीने खाल्ली असेल. तिच्यातली एक ओळ मी इथे दुरुस्त करतो.

नाईक गजानन भोयर, तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ. पोहणं, पास. राफ्ट कमांड, पास. थ्रो बॅग, पाचपैकी पाच फेकी निशाण्यावर. चौथ्या फेकीला दोर हाताला गुंडाळला. नापास.